कँडिडेट्स स्पर्धेचा विजेता आधी सांगता येतो का?

पटावरचा_पाहुणा

नमस्कार. आमच्या बुद्धिबळ मंडळात प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी अंदाज लिहून देण्याची जुनी पद्धत आहे. प्रत्येक सभासद चिठ्ठीवर एकच नाव लिहितो, चिठ्ठ्या सचिवांकडे बंद लिफाफ्यात राहतात आणि स्पर्धा संपल्यावर ज्याचे नाव बरोबर ठरेल त्याला बुद्धिबळावरचे एखादे पुस्तक मिळते. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला झालेल्या कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या वेळी निघालेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेकांवर कारुआना किंवा नाकामुरा यांची नावे होती, काहींनी नाशिकच्या अभिमानापोटी विदित गुजराथीचे नाव लिहिले होते आणि गुकेशचे नाव असलेली एकच चिठ्ठी होती. ती लिहिणाऱ्या सभासदाला कारण विचारले, तेव्हा ‘मला त्याचा खेळ आवडतो’ यापलीकडे त्याने काही सांगितले नाही. पुस्तक अर्थातच त्याला मिळाले आणि रेटिंगचे, म्हणजे खेळाडूंच्या ताकदीच्या गुणांकांचे, तक्ते मांडून बसणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मंडळींना ते आजतागायत पटलेले नाही.

आता मार्च २०२६ च्या अखेरीस सायप्रसमध्ये पुढची कँडिडेट्स सुरू होत आहे. कारुआना, नाकामुरा, प्रज्ञानंद, अनिश गिरी, वेई यी, सिंदारोव, एसिपेंको आणि ब्लूबाउम असे आठ खेळाडू त्यात आहेत, म्हणजे अंदाज बांधायला नावे मोजकीच आहेत. माझा प्रश्न असा की, आठच खेळाडू, प्रत्येकाचे रेटिंग ठाऊक, प्रत्येकाचे शेकडो डाव सर्वांपुढे खुले, असे असताना विजेत्याचा अंदाज इतका का चुकतो? रेटिंगवर किती भिस्त ठेवावी, आधीच्या दोन-तीन महिन्यांतील कामगिरीला किती महत्त्व द्यावे आणि आमची एका नावाची चिठ्ठी ही मुळात योग्य पद्धत आहे का, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

संख्यामित्र

आपला प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला काढतो. रेटिंगवरून केलेला अंदाज टोरांटोत चुकला, असे आपण धरून चालला आहात. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी बरोबर आला होता.

एप्रिल २०२४ च्या यादीत कारुआनाचे रेटिंग २८०३ होते, नाकामुराचे २७८९, फिरूझाचे २७६०, नेपोम्नियाचीचे २७५८, प्रज्ञानंदचे २७४७, गुकेशचे २७४३, विदितचे २७२७ आणि अबासोवचे २६३२. कारुआनाच्या सात प्रतिस्पर्ध्यांची सरासरी काढली तर ती सुमारे २७३७ येते, म्हणजे त्याची आघाडी ६६ गुणांची होते. रेटिंग मोजण्याच्या एलो पद्धतीच्या सूत्रात एवढ्या फरकाला एका डावात (विजयाला १, बरोबरीला अर्धा गुण) सरासरी ०.५९ गुण अपेक्षित असतात, म्हणून सातही जणांशी दोन-दोन अशा चौदा डावांत ८.३. कारुआनाने प्रत्यक्षात साडेआठ गुण मिळवले. याच हिशेबाने नाकामुराकडून ८ गुणांची अपेक्षा होती, त्याने साडेआठ केले, प्रज्ञानंदकडून ७ ची होती, त्याने बरोबर ७ केले, विदितकडून ६.६ ची होती, त्याने ६ केले. आठपैकी चार जण रेटिंगने सांगितलेल्या आकड्याच्या अर्ध्या-पाऊण गुणाच्या आत राहिले, याहून अधिक नेमकेपणा कोणत्याही पद्धतीकडून मागणे रास्त नाही.

मग घोटाळा कुठे झाला? अपेक्षेपासून दूर गेलेले खेळाडू मोजकेच होते आणि नेमक्या त्यांनीच निकाल ठरवला. गुकेशकडून ७ गुणांची अपेक्षा होती, त्याने ९ मिळवले. नेपोम्नियाचीने ७.३ च्या जागी साडेआठ केले. फिरूझा मात्र ७.३ च्या जागी ५ वर राहिला. एका खेळाडूने किती गुण मिळवावेत, याचा अंदाज रेटिंग चांगला देते. पण आठांमधून सर्वांत जास्त गुण कोण मिळवील हा वेगळा प्रश्न आहे आणि तिथे नशिबाचा वाटा फार मोठा होतो.

तो वाटा किती, हेही ढोबळमानाने मोजता येते. या पातळीवर साधारण साठ टक्के डाव बरोबरीत सुटतात असे धरले, तर चौदा डावांनंतर कुठल्याही खेळाडूची बेरीज अपेक्षेपासून सुमारे १.२ गुण वर किंवा खाली सरकणे अगदी स्वाभाविक ठरते. तीनपैकी एकदा ती याहूनही जास्त सरकते. कारुआनाची सरासरी खेळाडूवरील अपेक्षित आघाडीही साधारण १.३ गुणांचीच होती. म्हणजे ज्या आघाडीवर आपण सारा भरवसा टाकतो, ती चढ-उताराच्या नेहमीच्या पट्ट्याएवढीच असते, आणि पाठलाग करणारे सात असल्यामुळे त्यांतल्या एकाचा तरी पंधरवडा भाग्याचा निघण्याची शक्यता बरीच असते. माझ्या अंदाजाप्रमाणे टोरांटोपूर्वी कारुआनाला जास्तीत जास्त तीस टक्के देणे योग्य होते. तो सर्वांत संभाव्य विजेता होता आणि तरीही न जिंकण्याची शक्यता जिंकण्याच्या दुपटीहून अधिक होती. या दोन विधानांत विरोध नाही.

इतिहासही हेच सांगतो. आठ खेळाडूंच्या दुहेरी साखळीची सध्याची पद्धत २०१३ पासून चालू आहे. लंडन २०१३, खांती-मान्सिस्क २०१४, मॉस्को २०१६, बर्लिन २०१८, येकातेरिनबर्ग २०२०-२१, माद्रिद २०२२ आणि टोरांटो २०२४ अशा सात स्पर्धांत सर्वाधिक रेटिंगचा खेळाडू एकदाच जिंकला: २०१३ मध्ये कार्लसन. तोही कसा, तर शेवटच्या फेरीत तो स्विडलरकडून हरला, त्याच्याइतकेच गुण असलेला क्रामनिक त्याच दिवशी इव्हान्चुककडून हरला आणि दोघे साडेआठ गुणांवर राहिल्यामुळे कार्लसनचे पाच विजय क्रामनिकच्या चार विजयांना भारी पडले. बाकीच्या सहा वेळा पहिल्या क्रमांकावर अरोनियन, कारुआना, मामेद्यारोव, पुन्हा कारुआना, डिंग आणि पुन्हा कारुआना होते. जिंकले आनंद, कार्याकिन, कारुआना, नेपोम्नियाची दोनदा आणि गुकेश. कारुआनाच्या वाट्याचा विनोद पाहा: यादीत सर्वांत वर असताना तो तिन्ही वेळा जिंकला नाही आणि ज्या वर्षी वर मामेद्यारोव होता त्या वर्षी जिंकला.

विजेत्यांचे गुण मात्र जवळपास ठरलेले असतात. साडेआठ, साडेआठ, साडेआठ, नऊ, साडेआठ, साडेनऊ, नऊ. तेव्हा ‘सर्वांत बलवान कोण’ असे विचारण्यापेक्षा ‘विजय वजा पराभव हा आकडा तीन किंवा त्याहून वर कोण नेऊ शकेल’ असे विचारल्यास विचाराला दिशा मिळते.

काळी_मोहरी

संख्यामित्रांचे गणित मला मान्य आहे, परंतु उरलेला सगळा फरक ‘नशीब’ या एका खात्यात जमा करणे मला मान्य नाही. गुकेशच्या अपेक्षित सात गुणांचा आकडा २७४३ या रेटिंगवरून आला आहे आणि ते रेटिंग त्याच्या खऱ्या ताकदीचे त्या दिवशीचे माप होते, हेच मुळात तपासायला हवे.

२४०० चा टप्पा एकदा ओलांडला की खेळाडूच्या रेटिंगमधील बदलाचा गुणक १० होतो. म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याला हरवले तर केवळ पाच गुण वाढतात. तिशीतल्या, स्थिरावलेल्या खेळाडूसाठी ही संथ गती योग्यच आहे; पण सतरा वर्षांचा मुलगा सहा महिन्यांत जेवढा पुढे जातो तेवढे त्याचे रेटिंग जात नाही, ते मागून धापा टाकत येते. गुकेशच्या बाबतीत तर २०२३ च्या उत्तरार्धात घसरणही झाली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आनंदला मागे टाकून तो भारतात अव्वल झाला, त्यानंतर त्याचे काही महिने वाईट गेले आणि डिसेंबरमध्ये चेन्नईतील स्पर्धा जिंकून त्याने फिडे सर्किटमार्गे, म्हणजे जागतिक महासंघाच्या वर्षभराच्या गुणतालिकेतून, कँडिडेट्समधली जागा अक्षरशः शेवटच्या क्षणी मिळवली. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथील टाटा स्टील स्पर्धेत मात्र त्याने वेई यी, गिरी आणि अब्दुसत्तोरोव यांच्याबरोबर १३ पैकी साडेआठ गुणांनिशी संयुक्त पहिला क्रमांक मिळवला आणि टायब्रेकरच्या, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या डावांच्या, अंतिम लढतीत तो वेई यीकडून हरला. ज्याला डोळे उघडे ठेवून पाहायचे होते त्याच्यासाठी खूण तिथे होती. तरीही त्या काळात कार्लसनच्याही पसंतीत कारुआना आणि नाकामुरा पुढे होते आणि गुकेशकडून त्याला फारशी अपेक्षा नव्हती. जगातील सर्वांत जाणत्या नजरेलाही जे दिसले नाही ते मंडळाच्या सभासदांना दिसले नाही, यात त्यांना कमीपणा नाही.

आता याच्या उलट उदाहरणही मीच देतो, नाहीतर कुणीतरी देईलच. जानेवारी २०१८ मध्ये त्याच वाइक आन झीमध्ये कारुआनाला तेरा डावांत पाचच गुण मिळाले होते आणि तो तळाजवळ राहिला होता. मार्चमध्ये बर्लिनला तोच कारुआना ९ गुणांनी पहिला आला. त्या स्पर्धेपूर्वी अनेकांचा लाडका असलेला अरोनियन, जो २०१७ चा विश्वचषक जिंकून आला होता, साडेचार गुणांवर शेवटचा राहिला. तेव्हा ‘जानेवारीतील कामगिरी पाहा’ असा सरसकट नियम करता येत नाही. मी असा भेद करीन: वाढत्या वयाच्या खेळाडूची ताजी कामगिरी गांभीर्याने घ्यावी, कारण तिथे नवी ताकद दिसत असण्याची शक्यता असते, तिशीजवळच्या खेळाडूच्या एका वाईट किंवा चांगल्या स्पर्धेकडे दुर्लक्ष करावे. शिवाय कँडिडेट्स तोंडावर असताना कुणीही आपली नवी सुरुवात, म्हणजे ओपनिंगमधील महिनोन्‌महिने शिजवलेल्या कल्पना, जानेवारीत उघड करत नाही. बड्या खेळाडूंचे जानेवारीतील पराभव कधीकधी त्या लपवाछपवीची किंमत असतात.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही ती पराभव पचवण्याची. टोरांटोत सातव्या फेरीत फिरूझाविरुद्ध घड्याळाच्या तंगीत गुकेश हरला. तिथे पहिल्या चाळीस खेळ्यांसाठी दोन तास होते आणि प्रत्येक खेळीमागे जादा सेकंद मिळत नव्हते, त्यामुळे चाळिसाव्या खेळीच्या आसपास हात थरथरणे सर्वांच्याच नशिबी होते. असा पराभव निम्म्या स्पर्धेवर आला की बहुतेक खेळाडू पुढचे चार डाव सावधपणे बरोबरीत सोडवतात. गुकेशने पुढच्याच डावात काळ्या मोहऱ्यांनी विदितला हरवले, बाराव्या फेरीत अबासोवला आणि तेराव्यात खुद्द फिरूझाला. त्या पराभवानंतरच आपल्याला विशेष उमेद वाटली, असे त्याने नंतर सांगितले. अशा स्वभावाला कोणत्या स्तंभात बसवायचे ते संख्यामित्रांनी सांगावे.

संख्यामित्र

‘रेटिंग मागून येते’ हा मुद्दा पूर्ण मान्य. वाढत्या खेळाडूच्या रेटिंगमध्ये मी स्वतः वीस-तीस गुण वाढवूनच हिशेब करतो, पण तसे केल्यावरही गुकेशची अपेक्षा सात-साडेसातच्या पुढे जात नाही.

स्वभावाच्या मुद्द्यावर मात्र सावध राहावे असे सुचवतो. शेवटच्या फेरीत गुकेश साडेआठ गुणांवर होता आणि नाकामुरा, नेपोम्नियाची व कारुआना तिघे आठवर होते. गुकेशने काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराशी बरोबरी साधली. दुसऱ्या पटावर कारुआना नेपोम्नियाचीविरुद्ध जिंकण्याच्या स्थितीत पोहोचला होता, ती स्थिती त्याच्या हातून निसटली आणि १०९ खेळ्यांनंतर डाव बरोबरीत सुटला. कारुआनाने ती एक योग्य खेळी केली असती तर दोघे ९ गुणांवर आले असते, जलद डावांचा टायब्रेकर झाला असता आणि कारुआना जिंकला असता तर आज आपण त्याच्या अनुभवाचे आणि चिकाटीचे गोडवे गात असतो. गुकेशचा स्वभाव तेव्हाही तोच राहिला असता. निकाल कळल्यानंतर स्वभावाचे गुण शोधणे सोपे असते.

काळी_मोहरी

मान्य, पण मग निकालाआधी दिसणारे गुण तरी मोजा. टोरांटोत अबासोव हा इतरांपेक्षा शंभराच्या आसपास रेटिंग गुणांनी मागे असलेला एकमेव खेळाडू होता. २०२३ च्या विश्वचषकात तो चौथा आला आणि कार्लसनने जागा नाकारल्यामुळे त्याला कँडिडेट्समध्ये प्रवेश मिळाला. अशा वेळी त्याच्याकडून दोन्ही डाव कोण जिंकू शकेल, हा प्रश्न स्पर्धेआधीच विचारता येण्यासारखा होता. गुकेशने ते दोन्ही डाव जिंकले. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनीही जिंकण्यासाठी बसणारा खेळाडू आणि काळ्या मोहऱ्या आल्या की बरोबरीवर समाधान मानणारा खेळाडू हे जुन्या डावांतून ओळखता येतात.

मांडवीकाठ

इथे सगळी चर्चा साखळी पद्धतीची चालली आहे. गोव्यात ३१ ऑक्टोबर ते २७ नोव्हेंबर २०२५ या काळात झालेल्या विश्वचषकाबद्दल थोडे लिहितो, कारण सायप्रसच्या आठांपैकी तिघे याच स्पर्धेतून आले आहेत आणि बाद पद्धतीत अंदाजाची जी दैना होते ती साखळीच्या तुलनेत फारच मोठी आहे.

२०६ खेळाडू, आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेचे, डाव आणि बरोबरी राहिली तर जलद व अतिजलद डाव. वरच्या पन्नास जणांना पहिल्या फेरीत विश्रांती होती, म्हणजे त्यांना विजेतेपदासाठी सात सामने जिंकायचे होते. समजा, एखाद्या खेळाडूची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के आहे, जी या मैदानात खूपच झाली. सात वेळा सलग जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे ८ टक्के उरते. ८० टक्के धरली तरी ती २१ टक्क्यांच्या पुढे जात नाही. गुकेश, अर्जुन एरिगैसी आणि प्रज्ञानंद हे पहिले तीन मानांकित होते. जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वाने याच्याकडून हरला, प्रज्ञानंदला चौथ्या फेरीत दुबोवने बाहेर काढले आणि अर्जुनचा प्रवास उपांत्यपूर्व फेरीत वेई यीने संपवला. घरच्या प्रेक्षकांसाठी स्पर्धा तिथेच जवळजवळ संपली. उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव, जो पहिल्या दहा मानांकितांतही नव्हता, अंतिम फेरीत टायब्रेकरवर वेई यीला हरवून विजेता झाला आणि एसिपेंको तिसरा आला.

त्याआधी जुलैत जॉर्जियातील बटुमी येथे महिलांच्या विश्वचषकातही असेच घडले होते. नागपूरच्या दिव्या देशमुखला पंधरावे मानांकन होते. तिने झू जिनेर, हरिका आणि तान झोंगयी यांना हरवून अंतिम फेरी गाठली आणि तिथे कोनेरू हम्पीला जलद डावांच्या टायब्रेकरमध्ये हरवले. ती आधी ग्रँडमास्टर नव्हती, त्या विजयानेच झाली. स्पर्धेपूर्वी चिठ्ठीवर तिचे नाव लिहिणाऱ्याला गणिताच्या दृष्टीने वेडाच म्हटले असते, आणि तरीही शंभरांहून अधिक खेळाडूंच्या बाद स्पर्धेत पंधराव्या मानांकिताचा विजय हा चमत्कार नव्हे. अशा स्पर्धेत अव्वल मानांकिताला दहा-पंधरा टक्के मिळत असतील, तर उरलेले पंचाऐंशी टक्के कुणाच्या तरी वाट्याला जायचेच असतात.

मोठ्या खुल्या स्पर्धांचेही तेच. विदित टोरांटोला पोहोचला तो २०२३ ची ग्रँड स्विस जिंकून, आणि त्या स्पर्धेची सुरुवात त्याने पहिल्याच फेरीत पराभवाने केली होती. पुढच्या दहा डावांत साडेआठ गुण मिळवून तो पहिला आला. पहिल्या संध्याकाळी कुणी त्याच्यावर पैज लावली असेल असे वाटत नाही.

पटावरचा_पाहुणा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच नाव लिहिण्याची आमची पद्धत सदोष आहे, हे ध्यानात आले. तिच्यात विचार करणाऱ्याला आणि नुसती आवड लिहिणाऱ्याला सारखेच तोलले जाते. पण मग बक्षीस कसे ठरवावे? आमच्या मंडळात निवृत्त शिक्षक, दुकानदार, शाळकरी मुले असे सगळे आहेत, तेव्हा हिशेब बेरीज-वजाबाकी आणि फार तर गुणाकारापर्यंतच राहिला तर बरे.

संख्यामित्र

गुणाकाराच्या पुढे जावे लागणार नाही. प्रत्येकाला शंभर टक्के द्या आणि ते आठ खेळाडूंमध्ये वाटायला सांगा. स्पर्धा संपल्यावर विजेत्याचा खरा आकडा १ आणि इतरांचा ० धरा. प्रत्येक नावासमोरचा अंदाज आणि खरा आकडा यांतील फरकाचा वर्ग करा आणि आठही वर्गांची बेरीज घ्या, तो त्या सभासदाचा दंड. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी हीच पद्धत कित्येक दशके वापरात आहे.

टोरांटोवर करून पाहू. सगळे शंभर टक्के कारुआनावर लावणाऱ्याचा दंड २ येतो: १ कारुआनामुळे आणि १ गुकेशला शून्य दिल्यामुळे. विचारपूर्वक वाटणी करणारा एखादा सभासद धरा, ज्याने कारुआनाला ३०, नाकामुराला २५, नेपोम्नियाचीला १५, फिरूझाला १०, प्रज्ञानंद आणि गुकेशला प्रत्येकी ८, विदितला ४ आणि अबासोवला शून्य दिले. त्याचा दंड सुमारे १.०४ येतो. आणि काहीच माहीत नसल्यामुळे आठही जणांना साडेबारा टक्के देणाऱ्याचा दंड ०.८८ येतो, म्हणजे अभ्यासू सभासदापेक्षा कमी! ज्येष्ठ मंडळी यावर पुन्हा चिडतील, पण त्यांना सांगा की एका स्पर्धेवरून कुणाचीच पारख होत नाही. कँडिडेट्स, महिलांची कँडिडेट्स, टाटा स्टील, नॉर्वेतील स्पर्धा असा वर्षभराचा दंड एकत्र जमा करा आणि पुस्तक वर्षाअखेरीस द्या. सगळ्यांना सारखे टक्के देणारा तेव्हा वर राहिला, तर मात्र अभ्यासू मंडळींनी खरोखरच विचार करावा.

या पद्धतीत ज्याला जे खरे वाटते तेच लिहिणे फायद्याचे असते. धाडस म्हणून एखाद्याला ९० टक्के देणारा दीर्घकाळात हमखास मागे पडतो, आणि विदितला किंवा प्रज्ञानंदला प्रेमापोटी ५० देणाऱ्याला त्या प्रेमाची नेमकी किंमत कळते.

काळी_मोहरी

पद्धत आवडली. आता संख्यामित्रांनी सायप्रससाठी स्वतःची वाटणी इथे जाहीर करावी, म्हणजे नंतर आम्हाला दंड मोजता येईल.

संख्यामित्र

कारुआना २४, नाकामुरा २०, प्रज्ञानंद १६, सिंदारोव १३, वेई यी ११, गिरी १०, एसिपेंको ३, ब्लूबाउम ३.

रेटिंगने नाकामुरा वर असूनही मी त्याला दुसऱ्या स्थानी ठेवले आहे. रेटिंगच्या आधारे जागा मिळवण्यासाठी लागणारी डावांची संख्या त्याने अमेरिकेतील छोट्या स्पर्धांत खेळून पूर्ण केली आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांशी क्लासिकल डाव अलीकडे फार थोडे खेळले. त्यामुळे त्याचे रेटिंग खोटे नसले तरी ताजे नाही. शिवाय तो आणि कारुआना एकाच देशाचे असल्यामुळे दोन्ही आवर्तनांत त्यांची गाठ सुरुवातीलाच पडेल आणि तिथे एक जण हरला, तर माझ्या वाटणीतले वीस-चोवीस टक्के पहिल्याच दिवशी संकटात येतील. प्रज्ञानंदला मी रेटिंगपेक्षा जास्त दिले, कारण २०२५ मध्ये त्याने वाइक आन झी, बुखारेस्ट आणि ताश्कंद अशा तीन बलाढ्य स्पर्धा जिंकल्या आणि ‘वाढत्या वयाची ताजी कामगिरी’ हा काळी_मोहरींचा मुद्दा त्याला चपखल लागू पडतो.

काळी_मोहरी

तोच मुद्दा सिंदारोवला का लागू करत नाही? वय जवळपास तेच, आणि गोव्यातून तो सात फेऱ्यांचे दडपण सोसून आला आहे. मी त्याला १८ देतो आणि ते पाच टक्के गिरी व वेई यी यांच्याकडून काढून घेतो. गिरी सहसा हरत नाही हे खरे, पण आपणच वर म्हटल्याप्रमाणे इथे विजय वजा पराभव हा आकडा तीनवर न्यायचा असतो. २०१६ ला मॉस्कोत त्याने चौदाच्या चौदा डाव बरोबरीत सोडवले होते.

पटावरचा_पाहुणा

दोन्ही वाटण्या लिहून घेतल्या आहेत. मंडळात असे ठरवतो आहे: पहिल्या फेरीच्या आदल्या रात्रीपर्यंत प्रत्येकाने शंभर टक्क्यांचा कागद द्यावा, निम्मी स्पर्धा झाल्यावर म्हणजे सातव्या फेरीनंतर हवा असल्यास दुसरा कागद द्यावा, आणि दोन्ही कागदांचा दंड वेगवेगळा मोजावा. गुकेशवाल्या सभासदाला ही पद्धत समजावून सांगितली. त्याने एसिपेंकोला ४० टक्के दिले आहेत; कारण विचारायचे आम्ही टाळले.